धूर तेवढा घालवा

संपादकांचा निरोप आला, "निवृत्तीनंतर वेळ कसा घालवता, ते लिहा." वेळ घालवायला माझ्याकडे दोन ठिकाणं आहेत. एक म्हणजे घरामागच्या जुन्या गोठ्यात मांडलेला लेथ. दुसरं म्हणजे त्याच्या दारासमोर परसात उभा असलेला तांब्याचा बंब. एकावर लोखंड कापतो, दुसऱ्यात लाकूड जाळतो. पाहणाऱ्याला हे दोन वेगळे छंद वाटतात. आमच्या घरात ते एका कामासाठी एकत्र आले, त्याची ही हकिगत.

बऱ्हाणपूरचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे, ते विचारतील की तिथे कसला आलाय बंब? प्रश्न बरोबर आहे. मे महिन्यात आमच्याकडे गच्चीवरच्या टाकीचं पाणी इतकं तापतं की दुपारी नळाखाली हात धरवत नाही. पण दिवाळी झाली की तापीकाठची हवा पालटते. पौषात पहाटे पाण्यात हात घालायला जिवावर येतं. थंड देशांत लोक लाकडावर अख्खं घर गरम ठेवतात. आम्हाला घर तापवायला सूर्यनारायण पुरेसे आहेत, लाकडावर तापवायचं ते फक्त अंघोळीचं पाणी.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी आयटीआयमधून टर्नरचा ट्रेड केला आणि 1974 साली नेपानगरच्या कागद कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये लागलो. 2010 मध्ये तिथूनच निवृत्त झालो. बऱ्हाणपूरहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीने रोजचं अप-डाऊन. डब्यात पत्ते, भजनं आणि राजकारण, तिन्ही एकाच वेळी चालायचं. नव्या पिढीला माहीत नसेल म्हणून सांगतो, पंडित नेहरूंनी 1956 मध्ये हा कारखाना देशाला अर्पण केला आणि त्यानंतर बरीच वर्षं भारतात वृत्तपत्राचा कागद बनवणारा तो एकमेव कारखाना होता. तुमच्या-माझ्या वडिलांनी सकाळी चहाबरोबर जो पेपर वाचला, त्यातला काही कागद आमच्या इथला. हा कारखाना इथेच का, तर सातपुड्यात सालई आणि बांबू भरपूर म्हणून. एरवी सालई लोकांना ठाऊक असते ती तिच्या सुगंधी डिंकामुळे. तिच्या लाकडाचा लगदा करून त्याचा कागद करायचा, ही त्या काळातली मोठी गोष्ट होती.

माझा संबंध लगद्याशी नव्हता. पंपाचे शाफ्ट, रोलरची टोकं, गनमेटलचे बुश, घासून गेलेली बेअरिंगची घरं हे सगळं आमच्याकडे यायचं. कागदाचं मशीन बंद पडलं की वरपासून खालपर्यंत सगळे आमच्या लेथभोवती उभे. अशा वेळी हात शांत ठेवून शेवटचा काप घ्यायचा, मायक्रोमीटर लावायचा आणि "बसेल" एवढंच म्हणायचं. आमच्या बोलीत इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत आणि हजारावा भाग म्हणजे एक थाऊ. छत्तीस वर्षं मी थाऊत विचार केला. निवृत्तीनंतर ती सवय कुठे ठेवायची, हा खरा प्रश्न होता.

म्हणून निवृत्तीच्या पैशातून पहिली वस्तू घेतली ती जुना राजकोटी लेथ. साडेचार फुटी, वापरलेला, पण बेड सरळ होता. सौ. म्हणाली, "छत्तीस वर्षं तिकडे होता, आता तो इकडे आणलात." गोठ्यात सिमेंटचा ओटा करून तो बसवला. सोबत एक व्हाइस, ड्रिल, ग्राइंडर आणि टॅप-डायचा डबा. तेव्हापासून गल्लीतल्या वस्तू आपल्या पायांनी चालत येतात. कोणाच्या मिक्सरचा बुश, कोणाच्या शिलाई मशीनचा दांडा, कोणाच्या आजोबांच्या अडकित्त्याचा खिळा. आमचं गाव पॉवरलूमचं, त्यामुळे अमुक एक पिन बाजारात मिळत नाही म्हणून कारागीर येतात. गणपतीत मंडळाच्या देखाव्याचं फिरतं चाक माझ्याकडे असतं. नातवंडांसाठी लाकडाचे भोवरे आणि लग्नाच्या मुलींसाठी लाटणी करतो. मजुरी चहा. साखर कमी, कारण डॉक्टरांनी सांगितलंय.

आता बंबाकडे येतो. आमचा बंब आईबरोबर रावेरहून आला, 1948 साली. रावेर आज महाराष्ट्रात आणि बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात. तेव्हाही ते मुंबई प्रांतात होतं आणि हे मध्य प्रांतात. पण लग्नाच्या वऱ्हाडाला सरहद्द कधी आडवी आली नाही. भाषा तीच, केळीही तीच. त्या बैलगाडीत इतर भांड्यांबरोबर हा बंब होता.

ज्यांनी बंब पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तांब्याचं उभं पिंप, त्याच्या मधोमध आरपार जाणारा तांब्याचा नळा, खाली जाळी. नळ्यात वरून बंबफोड टाकायची. पूर्वी लाकडाच्या वखारीत बारीक फोडलेली लाकडं याच नावाने मिळायची. जाळ नळ्यात, पाणी नळ्याभोवती, खाली तोटी. जाळाच्या चारही बाजूंना पाणी असतं, शिवाय तांबं साध्या पोलादापेक्षा सात-आठपट चांगली उष्णता वाहून नेतं. म्हणून चुलीवर हंडा ठेवण्यापेक्षा बंबात पाणी लवकर तापतं. नियम एकच, आधी पाणी भरायचं, मग पेटवायचं. रिकामा बंब पेटवला तर जोडाचा डाख वितळतो आणि तांबट गाठावा लागतो.

आमच्याकडे बंब पेटवायचं काम नेहमी बायकांकडे. आई पहाटे चारला उठायची. आधी बंब, मग चूल. एका हातात फुंकणी, दुसऱ्या हाताने डोळे पुसायचे. पावसाळ्यात सरपण ओलं असलं की सगळं परस धुराने भरून जायचं. आम्ही मुलं अंथरुणात असायचो आणि धुराच्या वासावरून ओळखायचो की पाणी होत आलं. त्या काळी धूर म्हणजे घर जागं झाल्याची खूण. धुराने माणूस आजारी पडतो, हे तेव्हा कोणी बोलत नसे. शेवटच्या वर्षांत आईला बोलताना धाप लागायची. तिने आयुष्यात कधी विडी-तंबाखूला हात लावला नव्हता.

2016 च्या हिवाळ्यात सौ.चा खोकला सुरू झाला. आधी सर्दी समजून काढे झाले. मग डॉक्टरांनी फुंकर मारायला सांगितली, छातीचा फोटो काढला आणि विचारलं, "घरात चूल आहे का?" स्वयंपाक गॅसवर होता. पण बंब होता, आणि तो तीच पेटवायची. डॉक्टर म्हणाले, "धुरापासून लांब राहा."

मुलगा इंदूरला असतो. त्याचा फोन आला, "बाबा, तो बंब आता मोडीत घाला. मी गीझर पाठवतो." त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी हो म्हणणार होतो. पण सौ. म्हणाली, "सासूबाईंचा बंब मोडीत नाही जायचा. गीझर आणा, पण बंबही राहू द्या. धूर तेवढा घालवा. एवढं वर्कशॉप मांडून बसलाय ना?"

मित्रहो, छत्तीस वर्षांत माझ्याकडे अनेक जॉब आले. ड्रॉइंगशिवाय आलेला आणि इतका स्पष्ट जॉब हा पहिलाच.

मशिनिस्टची सवय अशी, की आधी मोजायचं आणि मग हत्यार उचलायचं. वहीत हिशेब मांडला. एक बादली म्हणजे वीस लिटर पाणी. ते वीस अंशांवरून बेचाळीस अंशांवर न्यायचं, म्हणजे 20 गुणिले 22, अशी 440 किलोकॅलरी. एक किलो वाळक्या लाकडात साधारण साडेतीन हजार किलोकॅलरी असतात. म्हणजे सगळी उष्णता पाण्यात गेली तर एका बादलीला सव्वाशे ग्रॅम लाकूड पुरे, मूठभर ढलप्या! आणि आमच्याकडे स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून पाहिलं, तर बादलीमागे किलोभर लाकूड जात होतं. आठातला एक भाग पाण्यात, उरलेले सात आकाशात आणि काही सौ.च्या छातीत.

हे सात भाग जातात कुठे? याचं उत्तर लाकडातच आहे. आपण म्हणतो लाकूड जळतं, पण ते थेट जळत नाही. तापलं की आधी त्यातलं पाणी वाफ होऊन निघतं. मग लाकडाच्या वजनाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग वायू होऊन बाहेर पडतो. आपण जी ज्वाळा बघतो, ती या वायूची. शेवटी उरतो तो कोळसा. या वायूला पुरेशी हवा आणि सहाशे अंशांच्या पुढची उष्णता मिळाली तर तो पुरता जळतो. नाही मिळाली तर तसाच बाहेर पडतो आणि त्यालाच आपण धूर म्हणतो. धूर म्हणजे न जळलेलं सरपण.

पहिला गुन्हेगार ओलावा. नुकत्याच तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. एक लिटर पाण्याची वाफ करायला सहाशेहून जास्त किलोकॅलरी लागतात. म्हणजे ओलं लाकूड आधी स्वतःचीच अंघोळ करतं, मग आपल्यासाठी पाणी तापवतं. माझा भाचा कॅनडात असतो. त्याच्याकडे लाकडाची शेगडी आहे. तो म्हणाला, "मामा, इथे फोडलेलं लाकूड वर्षभर उघड्या शेडमध्ये रचून ठेवतात. आणि ओलावा वीस टक्क्यांच्या खाली आला की मगच जाळतात." त्यांच्याकडे त्यासाठी दोन सुयांचं छोटं यंत्र मिळतं. माझ्याकडे यंत्र नव्हतं, काटा होता. बाभळीचं एक फोडलेलं लाकूड घेतलं, त्यावर खडूने नंबर टाकला आणि दर रविवारी तोललं. वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं. आमच्या उन्हाळ्याचा हा एक मोठा फायदा. फाल्गुनात रचलेली बंबफोड मृगाच्या आत खडखडीत होते, मग ती पत्र्याखाली हलवायची. दोन लाकडं एकमेकांवर आपटली की टणत्कार यायला हवा. थप्प आवाज आला तर अजून थांबा.

दुसरा गुन्हेगार मला स्वतः बंबच वाटला. ज्या गुणामुळे त्यात पाणी लवकर तापतं, त्याच गुणामुळे जाळ विझतो. पाठीमागे पाणी असलेलं तांबं शंभर अंशांच्या फार पुढे जात नाही. जळायला सहाशे अंश हवे असलेला वायू त्या थंड भिंतीला टेकला की त्याची काजळी होते. जाळाला आधी पुरतं जळू द्यायचं आणि मगच त्याला तांब्याजवळ न्यायचं, एवढं जमलं की काम झालं.

ही कल्पना माझी नव्हे. अमेरिकेत लॅरी विनियार्स्की यांनी 1980 च्या दशकात याच तत्त्वावर 'रॉकेट स्टोव्ह' नावाची चूल मांडली. आत इंग्रजी एल अक्षरासारखा आडवा-उभा बोगदा, भोवती उष्णता धरून ठेवणारा थर, आडव्या तोंडातून काड्या सरकवायच्या. आपल्याकडे पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याचं तंत्र काढलं, सुधारित चुलींवर काम केलं. या लोकांनी कागदावरचं विज्ञान परसापर्यंत आणलं. मला फक्त ते आमच्या परसातल्या 1948 च्या बंबाला जोडायचं होतं.

एक अट मात्र मी स्वतःवर घालून घेतली. आईच्या बंबाला एकही भोक पाडायचं नाही. जे लावायचं ते उद्या काढता आलं पाहिजे.

खाली चूल आणि वर बंब, असा आराखडा ठरला. जुन्या पत्र्याच्या ड्रममध्ये भट्टीच्या विटांचा एल आकाराचा बोगदा बांधला. आतून पाच इंच रुंद, उभा भाग पंधरा इंच. वीट आणि ड्रम यांच्यामधली जागा भरली ती चाळलेल्या राखेने. राख उष्णता अडवायला उत्तम आणि आमच्याकडे तिचा तुटवडा नाही. बंबाची जाळी काढली आणि बंब त्या ड्रमवर बसवला. विटांतून वर येणारा जाळ आता सरळ नळ्यात जातो, पण तोवर त्याचं जळून झालेलं असतं.

बंब आणि ड्रम यांच्या सांध्यातून धूर निघू नये म्हणून लेथवर लोखंडाची कडी कापली. दोन थाऊत गोल! ती बंबाला लावायला गेलो तर बसेना. मग बंबाचं तोंडच मोजलं. ते कुठेही गोल नव्हतं. रावेरच्या त्या तांबटाने सगळा बंब लाकडी मोगरीने आणि हातोडीने, डोळ्यांच्या अंदाजाने ठोकून घडवलेला. तरी सत्तर वर्षांत एका थेंबाने गळला नाही. मी हातात कानस घेतली आणि माझी गोल कडी त्याच्या अंदाजाप्रमाणे घासली. उरलेली फट माती आणि राखेने लिंपली. त्या दिवशी मला त्या अनोळखी तांबटाबद्दल फार आदर वाटला.

नळ्यात दोन मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी पीळ देऊन उभी टाकली. त्यामुळे गरम वायू सरळ वर न पळता गिरक्या घेत तांब्याला घासून जातो. वरच्या तोंडाला तीन इंची पाइपची चिमणी लावली आणि ती छपराच्या वर नेली. चिमणी फार ओढायला लागली तर उष्णताही घेऊन जाते, म्हणून तिच्यात एक गोल झडप. झडप पूर्ण बंद होऊ नये म्हणून तिला एका बाजूला चांद कापलेला. तोटी जुनीच ठेवली. तिचा निमुळता खुंटा झिजून थेंब-थेंब गळत होता. लेथवर हलका काप घेतला, मग ग्राइंडिंग पेस्ट लावून खुंटा त्याच्याच घरात तासभर फिरवला. आता ती एका बोटाने फिरते आणि गळत नाही.

आतून बंब उघडा झालाच होता, तर बॅटरी लावून पाहिलं. नळ्यावर पांढरा चुन्यासारखा थर. आमच्या पाण्यात क्षार फार. बऱ्हाणपूरच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. आपल्या कुंडी भंडाऱ्यात उतरून पाहा, बोगद्याच्या भिंतींवर याच क्षारांचे पांढरे थर आहेत. अब्दुल रहीम खानखानांच्या काळात, 1615 च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचं झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरात आणलं. शंभराहून अधिक कुंड्या, आणि पाणी वाहतं ते केवळ उतारावर. ना मोट, ना मोटर. बंबातला थर मी लिंबूसत्वाचं पाणी रात्रभर भरून काढला. कुंडी भंडाऱ्याचा थर काढणं इतकं सोपं नाही.

पाण्याचा विषय निघाला की आम्ही पाहुण्यांना शाही किल्ल्यातला हमामही दाखवतो. छतावरची रंगीत नक्षी, मातीच्या नळांतून खेळवलेलं गरम-थंड पाणी. मुमताज महल 1631 मध्ये इथेच बऱ्हाणपुरात वारली, त्यामुळे सगळे तिच्याविषयी विचारतात. मी मात्र हमामात गेलो की पाणी कुठे तापत असेल, ते मनात शोधत असतो. रोज किती गाड्या लाकूड लागलं असेल? भट्टीत ते कोण सारत असेल? आत अंघोळ करणाऱ्यांची नावं इतिहासात आहेत, भट्टीसमोर खोकणाऱ्याचं नाव कुठे नाही. आपल्या घराघरांतही तेच झालं. अभ्यंगस्नानाच्या आठवणी आपण सगळे काढतो. उटणं, मोती साबण, पहिला फटाका. बंबापाशी तीनपासून बसलेली बाई त्या आठवणीत कुठेतरी कडेला असते.

नवी मांडणी पहिल्यांदा पेटवली तेव्हा सुरुवातीची चार-पाच मिनिटं धूर आला. विटा तापल्या आणि बोगद्यातून घुरघुर आवाज सुरू झाला. चिमणीच्या तोंडाशी पाहिलं तर फक्त हवा थरथरताना दिसत होती. सौ. पायरीवर उभी होती. म्हणाली, "पेटलाय की विझलाय?" वहीतली नोंद अशी आहे. बादलीमागे आता अर्धा किलो लाकूड लागतं, म्हणजे आठाऐवजी चारातला एक भाग पाण्यात. कारखान्यातल्या बॉयलरवाल्यांना हे हसू येण्यासारखं वाटेल, पण आमच्या घरी सरपण निम्म्यावर आलं.

सौ.चा खोकला यामुळे बरा झाला, असं मी म्हणणार नाही. ती डॉक्टरांचं औषध नियमित घेते, पंप ओढते आणि त्याचा गुण आहे. शिवाय बंब आता मी पेटवतो. खरा बदल कदाचित हाच असेल. पण ती सकाळी चहाचा कप घेऊन बंबाजवळच्या दगडावर बसते आणि तिला उठून आत जावं लागत नाही. मला एवढं पुरेसं आहे.

जाळायचं काय, यावरही आमच्याकडे नियम आहेत. जंगलातलं तोडलेलं लाकूड घ्यायचं नाही. सातपुड्यातला अंजन आणि धावडा जळायला एकदम सरस, निखारा तासन्‌तास टिकतो. पण आमच्या जिल्ह्यातल्या जंगलतोडीच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. ज्या झाडाला वाढायला पन्नास वर्षं लागली, ते माझ्या पाच अंघोळींसाठी नको. काड्यांच्या चुलीला जाड लाकूड लागतही नाही. कपाशीच्या पऱ्हाट्या, तुराट्या, मक्याची सोललेली कणसं, बांधावरच्या बाभळीची छाटणी, सुताराकडचे तुकडे यांत आमचा हिवाळा निघतो. शेतकरी पऱ्हाट्या शेतातच पेटवून देतात, त्यापेक्षा दोन गाड्या आमच्याकडे टाकतात. गावभर केळी आहे, पण केळीचा खांब जाळायला उपयोगाचा नाही. त्यात नव्वद टक्के पाणीच. रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड आणि प्लॅस्टिक तर चुलीत कधीच घालू नये, त्याचा धूर विषारी.

आणि हेही स्पष्ट सांगतो, सगळ्यांनी बंबाकडे परत या असं माझं म्हणणं नाही. स्वयंपाक गॅसवरच हवा. 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली आणि आमच्या आसपासच्या खेड्यांत अनेक घरांत पहिल्यांदा सिलिंडर गेलं, त्याचा मला आनंद आहे. मुलाने पाठवलेला गीझरही भिंतीवर आहे आणि पावसाळ्यात आम्ही तोच वापरतो. एका बादलीला त्यात अर्धा युनिट वीज लागते, तो हिशेबही वहीत आहे. होळीनंतर दोन्ही बंद, कारण टाकीतच गरम पाणी येतं. बंब चालतो तो कार्तिक ते माघ. तोही उघड्या परसात. बंद न्हाणीघरात लाकूड, कोळसा किंवा गॅस, काहीही जाळलं तरी कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस खोकायच्या आधी बेशुद्ध होतो. ज्यांच्याकडे गॅसचा गीझर न्हाणीघराच्या आत आहे, त्यांनी आजच खिडकी उघडी राहते ना ते पाहावं.

मागच्या दिवाळीत नात आली होती. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात लेथ पाहिलाय, पण वीस जणांच्या मागे उभं राहून. मी तिला आधी वेणी वर बांधायला लावली, ओढणी आणि बांगड्या काढायला लावल्या, हातमोजे नकोत म्हणून सांगितलं. चकची किल्ली चकमध्ये ठेवून कधीही हात सोडायचा नाही, हे तीनदा म्हणवून घेतलं. मग तिने बंबाच्या झडपेची नवी मूठ कापली. आधीची लाकडी मूठ जळून काळी झाली होती. मायक्रोमीटर हातात घेऊन ती म्हणाली, "आजोबा, चार थाऊ जास्त आहे." मी म्हटलं, "मुठीला चालतं." ती म्हणाली, "नाही, काढते." आणि तिने काढले.

तुमच्यापैकी कित्येकांच्या माळ्यावर आजीचा बंब असेल. तांब्याचा भाव चढला की मोडवाला दारात येतोच. देण्याआधी एकदा बंब खाली उतरवा, चिंच लावून घासा, तोटी फिरवून पाहा. वापरणार असाल तर चार गोष्टी सांभाळा. लाकूड वाळलेलं हवं, जाळाला खालून हवा हवी, चिमणी छपराच्या वर हवी आणि पेटवायच्या आधी बंबात पाणी भरलेलं हवं. तोटी गळत असेल तर घेऊन या, मजुरी वर सांगितलीच आहे. थंडीत याल तर आदल्या दिवशी फोन करा, म्हणजे दोन बादल्या जास्त तापवून ठेवीन.